दहा जणींची भिशी सॉलिडिटीत लिहिताना: खानापूर तालुक्यातले एक प्रकरण

खानापूर तालुक्यातल्या एका गावात दहा जणींची भिशी चालते. प्रत्येकीचा दरमहा हप्ता २,००० रुपये, मुदत दहा महिने, आणि दर महिन्याला एकीच्या हातात २०,००० रुपये. पहिली पाळी भिशी चालवणाऱ्या आक्कांची, बाकीच्या नऊ पाळ्या चिठ्ठ्या टाकून ठरतात. सगळा हिशेब एका लांबट वहीत. दहांपैकी दोघी कन्नड बोलणाऱ्या; त्या हिलाच चीटी म्हणतात.

यांतल्या एकीची मुलगी बी.कॉम. झालेली, बेळगावात एका दुकानात हिशेब लिहिणारी. तिने हीच भिशी सॉलिडिटी भाषेत लिहून स्मार्ट कॉन्ट्रॅक्टचे, म्हणजे ब्लॉकचेन या अनेक संगणकांवरच्या सामाईक नोंदवहीत चालणाऱ्या प्रोग्रॅमचे, लेखन शिकायचे ठरवले. हाताशी ४ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप, मोबाइलचा हॉटस्पॉट आणि रात्रीचे दोन तास, तेही पावसाळ्यात वीज असेल तर. आधीचे प्रोग्रॅमिंग म्हणजे एक्सेलमधली सूत्रे. अकरा आठवडे लागले. त्या अकरा आठवड्यांत काय अडले, कशामुळे अडले आणि कसे सुटले, किंवा सुटले नाही, ते पुढे मांडले आहे.

एक गोष्ट पहिल्या दिवशीच पक्की केली: खरा पैसा यात येणार नाही. चिट फंडाला १९८२ चा केंद्रीय कायदा लागू आहे. शिवाय क्रिप्टोवरच्या नफ्यावर १ एप्रिल २०२२ पासून सरसकट ३० टक्के कर आहे, आणि १ जुलै २०२२ पासून व्यवहारावर १ टक्का टीडीएस. शिकाऊ माणसाने लिहिलेल्या कोडमध्ये गल्लीतल्या बायकांचे पैसे घालणे हा तर कायद्याच्याही आधीचा प्रश्न. म्हणून सगळे काम इथेरियम या ब्लॉकचेनच्या सेपोलिया या चाचणी जाळ्यावर, जिथल्या ईथरला (इथेरियमच्या चलनाला) बाजारात काही किंमत नाही.

विषय म्हणून भिशी घेतली हे मात्र योग्यच झाले. बहुतेक धडे ‘एक आकडा साठवा, तो बदला’ इथून सुरू होतात आणि लगेच स्वतःचे टोकन (डिजिटल नाणे) काढण्यावर जातात. त्यात काही बिघडत नाही, कारण तिथे दुसऱ्या कुणाचे काही अडकलेलेच नसते. भिशीत दहा माणसे आहेत, पैसा आहे, तारीख आहे आणि भांडणाला जागा आहे.

साधने आणि पहिली धडपड

स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट म्हणजे ब्लॉकचेनवर एका पत्त्यावर ठेवलेला प्रोग्रॅम. त्याच्याकडे स्वतःची शिल्लक असते. त्याला कुणी व्यवहार पाठवला तरच तो चालतो, आणि एकदा चढवला की त्यातली ओळ बदलता येत नाही. एवढे समजले की सुरुवात रीमिक्स या कोड लिहून तपासायच्या साधनात करावी. ते ब्राउझरमध्येच चालते, काही बसवावे लागत नाही. त्यातल्या आभासी यंत्रात प्रत्येकी १०० ईथर असलेली खाती आयती मिळतात, त्यामुळे सुरुवातीचे आठवडे वॉलेटचीही (खात्याची किल्ली सांभाळणाऱ्या ॲपची) गरज नसते.

रीमिक्समधल्या फाइल ब्राउझरच्याच साठवणीत राहतात. लॅपटॉप मंद झाला म्हणून तिसऱ्या आठवड्यात ब्राउझरचा सगळा डेटा पुसला, आणि आठवड्याचे काम त्याबरोबर गेले. त्यानंतर रोज झोपण्यापूर्वी बॅकअपची झिप फाइल उतरवून ठेवणे सुरू झाले.

दुसरा अडथळा जुन्या धड्यांचा. सॉलिडिटी भराभर बदलली आहे. आत्ताची वेळ सांगणारा ‘नाउ’ हा शब्द ०.७ पासून गेला. त्याच्या जागी ब्लॉकचा (साखळीत एकत्र नोंदलेल्या व्यवहारांच्या गठ्ठ्याचा) टाइमस्टॅम्प, म्हणजे वेळेचा शिक्का, वापरतात. ०.८ पासून बेरीज-वजाबाकी मर्यादेबाहेर गेली की व्यवहार आपोआप उलटतो (झालाच नाही असा होतो), म्हणून जुन्या धड्यांतली सेफमॅथ या तपासणी-कोडची कसरत आता लागत नाही. ओपनझेपेलिन या तयार कोडसंग्रहाच्या पाचव्या आवृत्तीत काही फाइलींचे मार्ग बदलले आणि ओनेबल या मालकी सांभाळणाऱ्या भागाला मालकाचा पत्ता सुरुवातीलाच द्यावा लागतो. जुनी ओळ जशीच्या तशी उतरवली की कंपायलर (कोड यंत्राच्या भाषेत बदलणारा प्रोग्रॅम) ओरडतो, आणि शिकणाऱ्याला वाटते चूक आपली. कुठलाही धडा उघडला की वरची प्राग्मा, म्हणजे भाषेची आवृत्ती सांगणारी, ओळ आधी बघायची, ०.८ च्या खालची असेल तर तो धडा वाचायला ठीक, उतरवायला नाही.

रुपये, वेई आणि गॅस

पहिल्या मसुद्यात हप्ता ‘२०००’ असा लिहिला होता. कॉन्ट्रॅक्टला रुपये कळत नाहीत. नुसता आकडा म्हणजे वेई. एका ईथरमध्ये १ वर १८ शून्ये इतके वेई असतात, आणि सॉलिडिटीत अपूर्णांकांचा हिशेब प्रत्यक्षात नाहीच. रुपयाचा भाव कॉन्ट्रॅक्टला सांगायचा तर बाहेरून भाव आणणारी ओरॅकल व्यवस्था लागते, म्हणजे आणखी एका कुणावर विश्वास. त्यावर सोपी वाट निघाली: एक रुपया म्हणजे एक ग्वेई (शंभर कोटी वेई), असे मानायचे. हप्ता २,००० ग्वेई, भिशी २०,००० ग्वेई. ‘ग्वेई’ हे एकक भाषेतच असल्यामुळे शून्ये मोजायची कटकट संपली.

याच मापाने गॅस, म्हणजे व्यवहार चालवायच्या शुल्काचे एकक, काय असतो तेही लगेच लक्षात आले. कुठल्याही साध्या व्यवहाराला किमान २१,००० गॅस लागतो. हप्ता भरण्याच्या व्यवहाराला तो पन्नास हजारांच्या आसपास गेला. गॅसचा दर एक ग्वेई धरला तरी खर्च ५०,००० ग्वेई, म्हणजे हप्त्याच्या पंचवीस पट. इथले माप खेळण्यातले आहे म्हणून हे प्रमाण विचित्र दिसते हे खरे, पण प्रत्येक नोंदीला किंमत आहे हे डोक्यात बसायला याहून चांगले उदाहरण नाही.

मग साठवण तपासली. पहिल्या मसुद्यात प्रत्येक फेरीत प्रत्येक बाईसाठी ‘भरला’ अशी वेगळी खूण होती. दहा फेऱ्या, दहा जणी, १०० नव्या नोंदी. रिकाम्या जागेत पहिल्यांदा लिहायला २२,१०० गॅस पडतो. आधीच काही असलेल्या जागेवर नवी किंमत लिहायला साधारण ५,०००. म्हणून खुणांऐवजी प्रत्येकीसाठी एकच आकडा ठेवला: शेवटचा भरलेला हप्ता कितव्या फेरीचा. आता नव्या नोंदी दहाच, उरलेल्या नव्वद वेळा जुन्याच जागेवर लिहायचे. साठवणीचा खर्च २२,१०,००० गॅसवरून ६,७१,००० वर आला. वहीत प्रत्येकीच्या नावापुढे ‘४ पर्यंत भरले’ असे लिहायची आक्कांची पद्धतही हीच होती, फक्त तिकडे आधी कुणी बघितले नव्हते.

पाच तारीख कॉन्ट्रॅक्टला कळत नाही

भिशी दर महिन्याच्या ५ तारखेला. कोडमध्ये ‘३० दिवस झाले की फेरी बंद’ असे लिहून झाले, आणि मुलगी वाट बघत बसली. काहीच झाले नाही. कॉन्ट्रॅक्टला गजर लावता येत नाही. कुणीतरी व्यवहार पाठवून फेरी बंद करायचे फंक्शन (कोडचा तेवढा भाग) हलवावे लागते, आणि हलवणाऱ्यालाच गॅस भरावा लागतो. हे काम फक्त आक्कांकडे ठेवले तर त्या आजारी पडल्या की भिशी थांबणार. म्हणून मुदत संपल्यावर ते फंक्शन कुणालाही चालवता येईल असे केले.

सॉलिडिटीत सेकंद, मिनिट, तास, दिवस, आठवडा ही एकके आहेत, महिना नाही. ३० दिवसांची फेरी ५ जानेवारीला सुरू केली तर पुढची ४ फेब्रुवारीला आणि त्यापुढची (लीप वर्ष नसेल तर) ६ मार्चला येते. शिवाय वेळ १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत आणि जागतिक प्रमाणवेळेत मोजली जाते. तिथली मध्यरात्र म्हणजे आपली पहाटेची साडेपाच. शेवटी तारखेचा नादच सोडला. दहाही हप्ते आले की फेरी लगेच पूर्ण, नाहीतर ३० दिवसांनी पूर्ण.

चाचणीसाठी ३० दिवस थांबणे शक्य नव्हते, म्हणून मुदत कन्स्ट्रक्टरमध्ये (कॉन्ट्रॅक्ट चढवताना एकदाच चालणाऱ्या भागात) बाहेरून देता येईल अशी केली आणि १२० सेकंद दिले. ठीक. पण सेपोलियावर चढवताना तेच १२० राहून गेले. पहिल्या फेरीत चौघींच्या नावाची खाती हप्ता भरेपर्यंत उरलेल्या सहा थकबाकीदार ठरल्या. दुरुस्ती म्हणजे नवा पत्ता, नवे कॉन्ट्रॅक्ट. जुने तिथेच पडून आहे. यावर उपाय एका ओळीचा: मुदत एका दिवसापेक्षा कमी असेल तर कन्स्ट्रक्टरनेच नकार द्यायचा, आणि चाचणीत घड्याळ पुढे ढकलायचे. फाउंड्री या चाचणीच्या साधनात त्यासाठी वार्प ही सोय आहे.

चिठ्ठी टाकायची कशी

इथे बहुतेक नवशिके फसतात, आणि धडेही त्यांना फसवतात. ब्लॉकचा हॅश (मजकुरावरून निघणारा, पण ज्यावरून मजकूर उलटा काढता येत नाही असा आकडा) आणि वेळ एकत्र करून त्याला दहाने भागायचे, बाकी येईल ती विजेती: पहिल्या मसुद्यात हेच होते. दिसायला आकडा बेभरवशाचा. पण हे सगळे घटक त्याच व्यवहारात दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टलाही दिसतात. ते आधी तेच गणित करून बघते, आपला नंबर येत नसेल तर व्यवहार उलटवते, आणि येत असेल तेव्हाच पुढे जाते. मुलीने स्वतःच असे एक कॉन्ट्रॅक्ट लिहून बघितले. एकाच खात्याला हवी तेव्हा पाळी लागायला लागली. ब्लॉक बांधणाऱ्या व्हॅलिडेटरलाही या घटकांवर थोडाफार हात फिरवता येतो, तो भाग वेगळाच.

दुसरा प्रयत्न ‘आधी झाका, मग उघडा’ पद्धतीचा. प्रत्येकीने एक गुप्त आकडा ठरवून त्याचा केचॅक पद्धतीचा हॅश पाठवायचा, सगळे आले की आकडे उघडायचे आणि त्यांच्या मिश्रणातून पाळी काढायची. यातही दोन भोके निघाली. गुप्त आकडा चार अंकी ठेवला होता. दहा हजार शक्यतांचे हॅश काढायला साध्या लॅपटॉपला क्षणही लागत नाही, म्हणजे झाकलेले काही झाकलेले नव्हतेच. आकडा लांब आणि खरोखर यादृच्छिक हवा, ३२ बाइटचा. दुसरे भोक याहून वाईट: सगळ्यांत शेवटी उघडणारीला निकाल आधीच कळतो, आणि आवडला नाही तर ती गप्प बसते. त्यावर दंड लावता येतो, पण दंडाची रक्कम भिशीच्या फायद्यापेक्षा मोठी हवी. चेनलिंकसारख्या बाहेरच्या सेवेकडून पडताळता येणारी यादृच्छिक संख्या आणणे हा तिसरा मार्ग. त्याला वर्गणी आणि आणखी एक अवलंबित्व.

शेवटी जे स्वीकारले ते सगळ्यांत साधे. चिठ्ठ्या सुरुवातीलाच एकदा सगळ्यांसमोर, एखाद्या लहान पोराच्या हाताने काढायच्या, आणि दहाही पाळ्यांचा क्रम कन्स्ट्रक्टरमध्ये भरायचा. दहा जणी समोरासमोर बसू शकत असतील तर तिथे क्रिप्टोग्राफी आणणे ही हौस आहे. झाकून-उघडण्याची पद्धत शिकण्यापुरती वेगळ्या फाइलमध्ये ठेवली, ते बरे केले.

पैसे पाठवायचे नाहीत, उचलू द्यायचे

फेरी पूर्ण झाली की कॉन्ट्रॅक्टने पाळीवाल्या बाईच्या खात्यावर २०,००० ग्वेई पाठवायचे, हे अगदी स्वाभाविक वाटते. पण घेणारे खाते साधे वॉलेट नसून कॉन्ट्रॅक्ट असेल आणि त्यात पैसे स्वीकारायचे फंक्शन नसेल, तर पाठवणी फसते आणि फेरी बंद करण्याचा अख्खा व्यवहार उलटतो. पुन्हा हलवा, पुन्हा उलटतो. एकीमुळे दहा जणींची भिशी कायमची अडकते. रीमिक्समध्ये हे दाखवायला सहा ओळींचे ‘अडेल’ कॉन्ट्रॅक्ट पुरले.

हा काल्पनिक धोका नव्हे. २०१६ साली किंग ऑफ द ईथर या खेळात कॉन्ट्रॅक्ट-वॉलेटांकडे पाठवलेली भरपाई पोचलीच नाही, कारण पाठवणीबरोबर जाणारा गॅस पुरत नव्हता. त्याच वर्षी गव्हर्नमेंटल नावाच्या योजनेत सुमारे १,१०० ईथरचे बक्षीस अडकले, कारण मोठी यादी पुसायला लागणारा गॅस ब्लॉकच्या मर्यादेबाहेर गेला होता. दुसऱ्या घटनेतून यादीवर फिरणाऱ्या लूपबद्दलही सावध व्हावे. दहा जणींपुरता लूप चालतो, हजार जणींना नाही.

म्हणून रचना उलटी केली. फेरी बंद होताना पाळीवालीच्या नावे फक्त जमा लिहायची. ती स्वतः येऊन ‘उचल’ फंक्शन चालवेल. भिशी उचलली असे आपण म्हणतोच.

आणि या उचलण्यातच दुसरा सापळा. पहिल्या रूपात क्रम असा होता: जमा रक्कम बघा, पैसे पाठवा, मग जमा शून्य करा. पैसे पाठवताच समोरच्या कॉन्ट्रॅक्टचे कोड चालते, आणि ते त्याच क्षणी पुन्हा ‘उचल’ हलवू शकते. तेव्हा जमा अजून शून्य झालेली नसते. चाचणीत दोन पाळ्यांचे मिळून ४०,००० ग्वेई कॉन्ट्रॅक्टमध्ये होते. हल्लेखोर खात्याचा हक्क २०,००० चा. त्याने एकाच व्यवहारात दोनदा उचलून चाळीस हजारही नेले. १७ जून २०१६ ला ‘द डाओ’ या सामाईक निधीच्या कॉन्ट्रॅक्टमधून सुमारे ३६ लाख ईथर याच दोषातून बाहेर पडले, आणि ते परत फिरवायला २० जुलैला इथेरियमची साखळीच दुभंगली.

यातली एक बारीक गोष्ट क्वचितच समजावली जाते. जमा ‘शून्य ठेवण्या’ऐवजी ‘वजा केली’ असती तर ०.८ मध्ये हा हल्ला फसला असता, कारण परत येताना दुसरी वजाबाकी शून्याखाली जाते आणि सगळा व्यवहार उलटतो. पण हा योगायोगाचा आधार आहे, त्यावर विसंबू नये. क्रम बदलणे हाच इलाज: आधी तपासा, मग स्वतःच्या नोंदी बदला, पैसे सगळ्यांत शेवटी. वरून ओपनझेपेलिनचा पुनःप्रवेश-रक्षक लावला तर दुहेरी कडी.

हप्ता थकला तर

सातव्या आठवड्यापर्यंत कोड नीट चालत होते आणि तरीही भिशी लिहून झालेली नव्हती. एखादीने मध्येच हप्ता बंद केला तर काय, याचे उत्तर वहीत नव्हते. आक्कांना विचारले तेव्हा उत्तर मिळाले, “तिच्या घरी जाऊन बसायचं की.”

कॉन्ट्रॅक्टला कुणाच्या घरी जाऊन बसता येत नाही. त्याच्यापुढे फक्त पत्ता असतो, आणि त्या पत्त्याला ना उंबरा ना सासू. पहिली पाळी उचलणारीकडून अजून नऊ हप्ते यायचे असतात, म्हणजे १८,००० रुपये. दुसरीकडून १६,०००, तिसरीकडून १४,०००, असे करत नववीकडून २,०००. ही जोखीम पूर्ण झाकायची तर तेवढी अनामत आधी घ्यावी लागेल: दहा जणींची मिळून ९०,००० रुपये, २०,००० च्या भिशीसाठी. नाहीतर पहिलीला २०,००० लागले तरी त्यातले १८,००० अडवून २,००० हातावर ठेवायचे. मग ती भिशी राहत नाही, स्वतःच्याच पैशाची रिकरिंग ठेव होते. भिशी म्हणजे ओळखीवर दिलेले उसने, आणि कोडला ओळख नसते. ब्लॉकचेनवरच्या कर्जांत घेतलेल्यापेक्षा जास्त तारण का मागतात, ते इथे आपोआप कळते. ‘विश्वासाची गरजच नाही’ असे जे ऐकवले जाते, त्याची किंमत ही एवढी.

तडजोड अशी निघाली. प्रत्येकीची एका हप्त्याची, २,००० ची अनामत. हप्ता चुकला तर आधी ती वापरायची. तीही संपली तर पाळीवालीला तेवढे कमी आणि थकबाकी नोंदवायची. शिवाय एक फंक्शन असे की कुणीही दुसरीच्या नावाने हप्ता भरू शकेल. आक्का आजवर पदरचे घालून वेळ निभावतात. तेवढ्यासाठी ही वाट ठेवली.

अजून पाळी न आलेली बाई थांबली तर मात्र गणित छान जुळते. अनामत बाजूला ठेवून बघा. दहाव्या पाळीची बाई तीन हप्ते भरून चौथ्यापासून थांबली. चौथी ते नववी या सहा पाळ्यांत प्रत्येकी २,००० कमी, म्हणजे एकूण १२,०००. दहाव्या महिन्यात उरलेल्या नऊ जणींचे १८,००० जमतात आणि घ्यायला कुणी नाही. त्यातून १२,००० ची तूट भरली की ६,००० उरतात, नेमके तिने भरलेल्या तीन हप्त्यांचे. ते तिला शेवटी, बिनव्याजी परत. हा हिशेब कागदावर दाखवल्यावर आक्का म्हणाल्या की दोन भिशांमागे असेच केले होते, फक्त तेव्हा पंधरा दिवस वाद चालला होता.

नावे आणि खासगीपणा

सभासदांची नावे देवनागरीत लिहायला गेल्यावर कंपायलर अडला. साध्या अवतरणचिन्हांत फक्त आस्की, म्हणजे इंग्रजी लिपीतली, अक्षरे चालतात. देवनागरीसाठी अवतरणाआधी ‘युनिकोड’ हा शब्द लावावा लागतो. तसे केल्यावर लांबी चुकीची येऊ लागली, कारण सॉलिडिटी बाइट मोजते आणि देवनागरीतले प्रत्येक चिन्ह, काना-मात्रेसकट, तीन बाइट घेते. ‘बेळगाव’ हा शब्द सहा चिन्हांचा, म्हणून १८ बाइट. ३२ बाइटच्या जागेत दहा चिन्हेच मावतात. आडनाव जोडले की बाहेर.

पण नावे ठेवणेच चूक होते. सेपोलियावरच्या पहिल्या आवृत्तीत नावांच्या यादीला ‘प्रायव्हेट’ लावले होते. त्या शब्दाचा अर्थ एवढाच की दुसरे कॉन्ट्रॅक्ट ती यादी थेट वाचू शकत नाही. साखळीची साठवण कुणालाही बाहेरून वाचता येते, आणि आपल्याला हवे तेव्हा ती पुसता येत नाही. नंतरच्या आवृत्तीत फक्त पत्ते. कुठला पत्ता कुणाचा ते वहीत.

चाचण्या आणि चढवणे

आठव्या आठवड्यात काम फाउंड्रीत हलवले. एकूण २३ चाचण्या झाल्या. त्यांतली एक नेहमीच्या साच्यातली नाही: कॉन्ट्रॅक्टची शिल्लक ही उचलायच्या रकमा, अनामती आणि चालू फेरीतले हप्ते यांच्या बेरजेहून कधीही कमी नसावी. ‘बरोबर’ असावी असे लिहू नये, कारण कॉन्ट्रॅक्टच्या इच्छेविरुद्ध त्यात ईथर ढकलता येते आणि मग बरोबरीची अट विनाकारण मोडते.

फाउंड्री एकेका फझ-चाचणीला मुळात २५६ वेगवेगळ्या किमती देऊन बघते. त्यात एक खरा दोष सापडला. दुसरीच्या नावाने हप्ता भरायच्या फंक्शनमध्ये ‘आधीच भरला आहे का’ ही तपासणी राहिली होती. एकीने स्वतः भरला, मग आक्कांनीही तिचा भरला, तर मोजणी दोनने वाढे. नऊ जणींचेच हप्ते येऊन फेरी पूर्ण ठरे आणि दहावी थकबाकीत जाई. दोन्ही फंक्शनांचे काम एकाच आतल्या फंक्शनकडे दिल्यावर ते मिटले. पैसे घेणाऱ्या दोन वाटा असतील तर तपासणी दोन्ही वाटांच्या आतल्या एकाच दारात हवी.

चढवण्याबद्दल थोडक्यात. चाचणी ईथर फॉसेट नावाच्या वेबसाइटवरून फुकट मिळते, काही ठिकाणी खात्यात थोडे खरे ईथर असण्याची अट असते. ते विकत मात्र कधीही घेऊ नये. मेटामास्क या वॉलेटमध्ये सरावासाठी वेगळे खाते काढावे आणि ते परत मिळवून देणारे १२ शब्द कागदावर लिहावेत, मोबाइलमध्ये फोटो नको. खासगी किल्ली असलेली फाइल गिटहब या कोड उघडपणे ठेवायच्या वेबसाइटवर गेली की संपले. तिथे टपून बसलेले प्रोग्रॅम ती उचलतात. इथरस्कॅन या साखळीतल्या नोंदी दाखवणाऱ्या वेबसाइटवर कोड पडताळून घेताना दोनदा नकार आला, कारण चढवताना ऑप्टिमायझर (कोड आटोपशीर करणारी कंपायलरची सोय) २०० वर चालू होता आणि पडताळणीच्या पानावर बंद निवडला होता. कंपायलरची आवृत्ती आणि ही सेटिंग तंतोतंत जुळावी लागतात.

अखेरची आवृत्ती १६० ओळींची, सात फंक्शनांची. सेपोलियावर दहा खात्यांनी एक-एक दिवसाच्या दहा फेऱ्या पूर्ण झाल्या. त्यात एक खाते मुद्दाम चौथ्या फेरीत थांबवले आणि शेवटी त्याला ६,००० ग्वेई आणि न वापरलेली अनामत परत गेली. अनामतीला हात लावायच्या आधी शेवटच्या पाळीचा हिशेब बघायचा, हा नियम या फेरीच्या तयारीत घातला. आधीच्या मसुद्यात अनामत आधी कापली जाई आणि आकडे जुळत नसत. खरी भिशी वहीतच चालू आहे. मध्येच थांबणारीचा नियम मात्र आता वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेला आहे, मराठीत आणि खाली कन्नडमध्ये.

एक फंक्शन अजून अर्धवट आहे. मोबाइल हरवला आणि १२ शब्दही गेले तर त्या बाईची पाळी नव्या पत्त्यावर कशी न्यायची? उरलेल्या नऊपैकी सहा जणींनी होकार दिला तर पत्ता बदलायचा, असे लिहिले आहे आणि ते चालतेही. पण दहा जणींच्या घरांपैकी तीन घरांत स्मार्टफोन एकच आहे, तो नवऱ्याकडे किंवा मुलाकडे असतो, आणि त्यांतल्या एका घरात सासू-सून दोघीही सभासद आहेत. तिथे सहा मते म्हणजे नेमकी किती माणसे, यावर आक्कांशी बोलणे चालू आहे.